कोळंबी, खडी आणि सिनेट

मनिलाच्या दिविसोरिया बाजारात भल्या पहाटे कोळंबीच्या टोपल्या उतरायच्या, तेव्हा एक पोरगा आईच्या हाताखाली उभा असायचा. वजन करायचं, सुटे पैसे मोजायचे, गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची. टोंडोच्या दाटीवाटीतला, नऊ भावंडांतला एक. नाव मॅनी विलार, जन्म १९४९चा. आज फिलिपिन्सच्या बड्या धनवानांत त्याची गणना होते.

गाडी वर चढली ती खडी-वाळूवर. कॉलेज झालं, हिशेबनिसाची नोकरी झाली, आणि १९७५ मध्ये दहा हजार पेसो भांडवल आणि डागडुजी केलेले दोन जुने ट्रक घेऊन गडी लास पिन्यासमध्ये बांधकामांवर माल टाकू लागला. ज्यांच्या साइटवर ट्रक रिकामा करायचा, त्यांचं गणित हळूहळू डोक्यात बसलं. मग स्वतःच घरं बांधायला घेतली. एका साच्यातली, ओळीनं उभी केलेली, पगारदाराला आणि परदेशात राबणाऱ्या फिलिपिनोला हप्त्यावर परवडतील अशी. पैसा बंगल्यांत नसून हप्त्यांत आहे, हे त्यानं फार लवकर ओळखलं.

‘स्वकष्टाने वर आलेला’ असं कुठे वाचलं की मी सवयीने सासुरवाडी तपासतो. विलारची बायको सिंथिया लास पिन्यासच्या आगिलार घराण्यातली. सासरे तिथले महापौर, नंतर खासदार. १९९२ मध्ये जावईबापू संसदेत गेले ते त्याच भागातून. ट्रक मात्र स्वतःचे होते, ते नाकारून चालणार नाही.

इथून पुढे अहो-जाहो करायला हवं, कारण विलार संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे सभापती झाले. १३ नोव्हेंबर २०००. राष्ट्राध्यक्ष एस्ट्राडांवरचा महाभियोग सभागृहात अडकलेला. कामकाजाची सुरुवात प्रार्थनेनं होते. विलार यांनी प्रार्थना म्हटली आणि त्याच दमात, कुणाला काही कळायच्या आत, महाभियोगाची कलमं सिनेटकडे धाडत असल्याचं वाचून टाकलं. एस्ट्राडांच्या माणसांनी आरडाओरडा केला, पण तोवर काम फत्ते झालं होतं.

२०१० मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले आणि प्रचारात आपलं गरीब बालपण पुढे केलं. विरोधकांनी लगेच जुनी कागदपत्रं उकरली: घर इतकं गरीब नव्हतंच म्हणे! म्हाताऱ्या आईला पत्रकारांपुढे येऊन, डोळ्यांत पाणी आणून मुलाची बाजू मांडावी लागली. सरकारी रस्ता स्वतःच्या प्रकल्पांच्या सोयीनं वळवल्याचा आरोप तर आधीपासूनच होता. तो त्यांनी फेटाळला. निकालात अकिनो पहिले, विलार तिसरे. आणि दुसरे? एस्ट्राडा! लुटीच्या गुन्ह्यात दोषी ठरून माफी मिळालेले, खात्यापित्या घरातले, सिनेमात गरिबांचा कैवारी रंगवून मोठे झालेले. टोंडोत खरोखर वाढलेला माणूस पडद्यावरच्या गरिबाच्या मागे राहिला. मला या साऱ्या चरित्रात हेच पान पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं.

घराणं मात्र पक्कं बसलंय. सिंथिया सिनेटर झाल्या, २०२२ मध्ये मुलगा मार्क आईच्या जोडीला आला, २०२५ मध्ये आईची मुदत संपली तेव्हा मुलगी कमील निवडून आली. सिनेटच्या जागा सगळ्या मिळून २४. धंदाही वाढला आहे: घरं, मॉल, दुकानं. शिवाय दफनभूमीतले प्लॉट. तेही हप्त्यावर मिळतात.