नोंदीवरचा शेरा काढा: ट्रान्सजेंडर सभासदांचे मागणीपत्र

प्रति,
प्रथम अध्यक्षमंडळ,
येशू ख्रिस्ताचे अखेरच्या दिवसांतील संतांचे चर्च (मॉर्मन), सॉल्ट लेक सिटी

आम्ही या चर्चचे ट्रान्सजेंडर सभासद आणि त्यांचे आईवडील. आम्ही दशमांश देतो, उपास पाळतो. १९९५च्या कुटुंबविषयक जाहीरनाम्यावर वाद घालण्यासाठी हे पत्र नाही. पण ऑगस्ट २०२४मध्ये चर्चच्या नियमपुस्तिकेत ट्रान्सजेंडर सभासदांवर आलेले निर्बंध प्रशासकीय आहेत आणि ते बदलता येतात.

सर्वांत जाचक आहे तो सभासद-नोंदीवरचा शेरा. शस्त्रक्रिया वा औषधोपचार तर सोडाच, जन्मलिंगापासून दूर जाण्यासाठी नाव किंवा पेहराव बदलला तरी तो लागू शकतो, आणि वॉर्ड (स्थानिक मंडळी) बदलला तरी मागे येतो. मुलांवरील लैंगिक अत्याचार आणि चर्चच्या पैशांचा अपहार यांसाठीही हीच तरतूद आहे. ज्यांनी कोणाचे काही बिघडवलेले नाही, त्यांना या रांगेत बसवणे आम्हाला मान्य नाही. ट्रान्सजेंडर सभासदांना या यादीतून वगळावे आणि लागलेले शेरे नव्वद दिवसांत काढावेत.

शिकवण्याची आणि मुला-तरुणांमधील कामे असा बदल केलेल्या सभासदांना सरसकट बंद आहेत. बिशप प्रत्येक सेवेपूर्वी माणूस पारखतोच. तीच पारख आम्हालाही लावावी.

एकट्याने वापरायचे स्वच्छतागृह नसेल, तर विश्वासू व्यक्तीने आत कोणी नसल्याची खात्री करून बाहेर थांबावे, असा एक पर्याय पुस्तिका सुचवते. प्रार्थनेला आलेल्या माणसावर हा पहारा नको. प्रत्येक सभागृहात आतून कडी लागणारे, सर्वांसाठी खुले असे एक स्वच्छतागृह ठेवावे. पुष्कळ ठिकाणी त्यासाठी एका कडीचाच खर्च येईल.

मुक्कामी शिबिरांत आमच्या मुलांना रात्री परत पाठवले जाते. पालक सोबत असल्यास स्वतंत्र तंबूत राहण्याची परवानगी द्यावी.

बाप्तिस्मा किंवा मंदिरप्रवेशाचा परवाना नाकारल्यास लेखी कारण मिळावे आणि दाद मागण्याची सोय असावी.

धोरण बदलणे या चर्चला नवे नाही. १९७८मध्ये पौरोहित्य सर्व वंशांच्या पुरुषांना खुले झाले. समलिंगी जोडप्यांच्या मुलांच्या बाप्तिस्म्यावर नोव्हेंबर २०१५मध्ये आलेले निर्बंध एप्रिल २०१९मध्ये मागे घेण्यात आले.

पुढील सर्वसाधारण परिषदेपूर्वी प्रत्येक मागणीचे लेखी उत्तर मिळावे. चर्चेसाठी आमचे प्रतिनिधी सॉल्ट लेक सिटीला येण्यास तयार आहेत. तारीख आपण कळवावी.