ट्रॅक्टरच्या धुराची गाळणी आणि सोप्यावरची खाट

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर परिसरात उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावू लागतात. बिऱ्हाड शाहूपुरीत असले तरी अनेकांचे गावचे घर आणि वृद्ध आईवडील करवीर, कागल वा पन्हाळा तालुक्यात असतात, आणि ट्रॅक्टर त्या घराच्या अंगणातच उभा राहतो. म्हणून या वेळी आरोग्याच्या पाक्षिकात काहीसा अनपेक्षित वाटणारा विषय घेतला आहे.

१ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीहून अधिक क्षमतेच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक निकष लागू झाले. अशा अनेक ट्रॅक्टरांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते. मिस्त्री तिला डीपीएफ म्हणतात. चिनीमातीसारख्या पदार्थाच्या मधाच्या पोळ्यागत सूक्ष्म नळ्यांत काजळी साचते आणि ठरावीक काळाने ती जाळून टाकावी लागते. जड ओझे ओढताना हे काम बरेचसे आपोआप होते. कारखान्याच्या रांगेत इंजिन तासन्तास नुसतेच चालू ठेवले, तर मात्र काजळी वाढते, मीटरवरचा दिवा लागतो आणि ट्रॅक्टर एका जागी उभा करून सफाई करावी लागते. तेव्हा इंजिन वाढीव वेगाने चालते, गाळणीतील उष्णता ५५० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि साधारण अर्धा तास तरी हे चालते.

हा अर्धा तास कुठे घालवावा, हा प्रश्न जितका चालकाचा तितकाच घरातील शुश्रूषा करणाऱ्याचाही आहे. काळा धूर दिसत नाही, म्हणून हवा स्वच्छ आहे असे समजणे चुकीचे. गाळणी काजळी अडवते, सर्व वायू नव्हे. शिवाय सफाईच्या वेळी अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण एरवीपेक्षा वाढते. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये निश्चित कर्करोगकारकांच्या गटात घातले. पण दमा, जुनाट खोकला किंवा हृदयविकार असलेल्या वृद्धांच्या बाबतीत इतकी वर्षे थांबावे लागत नाही. त्रास त्याच दिवशी होऊ शकतो.

तेव्हा सोप्यावर वडिलांची खाट असेल, तर ट्रॅक्टर अंगणात सफाईला लावू नये. बंद शेडमध्ये तर कदापि नको, कारण तेथे कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो आणि त्याला रंगही नसतो, वासही. मोकळ्या रानात, घराकडे वारा येणार नाही अशा बाजूला, पाचट, कडबा आणि गवताच्या गंजीपासून दूर, उघड्या जमिनीवर ट्रॅक्टर उभा करावा. सायलेन्सर नंतरही बराच वेळ तापलेला असतो. नातवंडांना आणि काठी टेकत जवळ जाणाऱ्या आजोबांना दूर ठेवावे. पहाटे थंडीत धूर खाली बसतो, म्हणून ऊन वर आल्यावरची वेळ बरी.

दिवा लागूनही काम पुढे ढकलण्याची सवय खर्चिक ठरते. गाळणी फार तुंबली की इंजिनाची ताकद घटते आणि घरची सफाई पुरेनाशी होते. जळूनही उरणारी राख तर कार्यशाळेतच काढावी. अंगणात हवेचा पाइप मारून ती उडवली, तर तीच पुन्हा श्वासात जाते. ‘गाळणीच काढून टाकू’ असा सल्लाही कधी मिळतो. मला तो अजिबात मान्य नाही. काढलेल्या गाळणीची काजळी शेवटी जायची कुठे, तर समोरच्या सोप्यावर.

धुराजवळ असताना घरातील एकाहून अधिक माणसांना एकाच वेळी डोकेदुखी, चक्कर वा मळमळ जाणवली, तर इंजिन बंद करून सर्वांना ताबडतोब उघड्यावर आणावे. कुणी गुंगीत असेल, छातीत दुखत असेल किंवा पंप घेऊनही दम ओसरत नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांना धुराची गोष्ट आवर्जून सांगावी.