पाहुण्या पाठीराख्यांच्या तिकिटाचे मोल

१३ जानेवारी २०१३ रोजी लंडनच्या एमिरेट्स स्टेडियमवर आर्सेनल आणि मँचेस्टर सिटी आमनेसामने आले, तेव्हा निकालाइतकीच चर्चा झाली ती परत गेलेल्या तिकिटांची. सिटीच्या वाट्याला आलेल्या सुमारे ३ हजार तिकिटांपैकी ९१२ तिकिटे न खपल्याने आर्सेनलकडे परत पाठवण्यात आली होती. सिटी तेव्हाचा इंग्लंडचा विजेता संघ होता. त्याच्या पाठीराख्यांचा उत्साह अचानक आटण्याचे काही कारण नव्हते. कारण होते ते तिकिटाच्या किमतीत. एका तिकिटासाठी ६२ पौंड मोजायचे आणि मँचेस्टरहून लंडनला येण्या-जाण्याचा खर्च त्याहून वेगळा, हे गणित अनेकांच्या आवाक्याबाहेर गेले होते.

ही दरवाढ एका रात्रीत झालेली नव्हती. १९८९ मधील हिल्सबरो दुर्घटनेने ९७ जणांचा बळी घेतला. त्यानंतर लॉर्ड न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालानुसार वरच्या श्रेणीतील मैदानांवर उभे राहून सामना पाहण्याची जागा जाऊन खुर्च्या आल्या. खुर्च्या आल्या म्हणून तिकीट सामान्यांच्या हाताबाहेर जाण्याचे कारण नाही, असे टेलर यांचे मत होते. त्यासाठी त्यांनी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावरील ६ पौंडांच्या तिकिटाचा दाखलाही दिला होता. क्लबांनी खुर्च्यांची शिफारस स्वीकारली, दराबाबतचा सल्ला मात्र सोयीस्करपणे बाजूला ठेवला.

मागणी असेल तर भाव चढणारच, असा युक्तिवाद यावर केला जातो. वरकरणी तो बिनतोड वाटतो. पण पाहुण्या पाठीराख्याला तो लागू पडत नाही. बाजारात एक वस्तू महाग वाटली, तर ग्राहक दुसरी घेतो. तिकीट महाग झाले म्हणून सिटीचा चाहता दुसऱ्या संघाचा चाहता होत नाही. त्याच्यासाठी विक्रेता एकच, सज्जाही एकच. शिवाय यजमान क्लबला त्याची मर्जी राखण्याचे काही कारण नसते. घरच्या प्रेक्षकाला दुखावले तर तो पुढच्या मोसमाचे तिकीट घेणार नाही, ही धास्ती असते. पाहुणा मात्र वर्षातून एकदा येतो आणि निघून जातो. त्याच्या खिशात हात घालणे हा यजमानासाठी सर्वांत निर्धोक व्यवहार ठरतो.

यातील खरी मेख पुढेच आहे. प्रीमियर लीगमध्ये २० संघ आहेत; प्रत्येक संघ १९ वेळा यजमान असतो आणि १९ वेळा पाहुणा. म्हणजे प्रत्येक क्लब दुसऱ्याच्या चाहत्यांकडून जे वसूल करतो, तेच त्याच्या चाहत्यांकडून इतरत्र वसूल केले जाते. एखाद्या क्लबने एकट्याने दर उतरवले, तर त्याचे उत्पन्न घटते आणि त्याच्या चाहत्यांना परगावी सवलत मिळत नाही ती नाहीच. म्हणून हा प्रश्न एखाद्या क्लबच्या सद्भावनेने सुटणारा नव्हता. त्याला सर्वांना बांधून घेणारा नियमच हवा होता.

चाहत्यांच्या संघटनेने हे ओळखले आणि २०१३ मध्ये परगावच्या सामन्याचे तिकीट २० पौंडांहून अधिक नसावे, अशी मोहीम उघडली. तिचे पहिले फळ म्हणजे २०१३-१४ पासून प्रत्येक क्लबने प्रवासी चाहत्यांसाठी मोसमाला २ लाख पौंड खर्च करण्याचे ठरवले. दर मात्र चढेच राहिले. फेब्रुवारी २०१६ मध्ये घरच्या मैदानावरील ७७ पौंडांच्या प्रस्तावित तिकिटाविरुद्ध लिव्हरपूलच्या सुमारे १० हजार चाहत्यांनी ७७ व्या मिनिटाला अॅनफिल्ड सोडले. तेव्हा २-० असा आघाडीवर असलेला संघ २-२ अशा बरोबरीवर समाधान मानून परतला आणि काही दिवसांतच मालकांनी प्रस्ताव मागे घेतला. मार्च २०१६ मध्ये लीगच्या सर्व क्लबांनी एकमताने पाहुण्यांच्या तिकिटावर ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली. तीन मोसमांसाठी घेतलेला हा निर्णय मुदतवाढ मिळत २०२५-२६ च्या मोसमातही कायम राहिला. मधल्या काळातील महागाई लक्षात घेता, ३० पौंडांचे हे तिकीट प्रत्यक्षात स्वस्तच होत गेले.

या औदार्याची क्लबांना किती झळ बसली? लीगच्या नियमानुसार पाहुण्यांना ३ हजार किंवा मैदानाच्या क्षमतेच्या १० टक्के, यांपैकी कमी असतील तेवढ्या जागा मिळतात. प्रत्येक तिकिटामागे ३० पौंड सोडावे लागले असे धरले, तरी १९ सामन्यांत नुकसान होते १७ लाख १० हजार पौंडांचे. उलट २०१६ ते २०१९ या तीन मोसमांचे देशांतर्गत प्रक्षेपण हक्कच ५१३ कोटी ६० लाख पौंडांना विकले गेले होते. सरळ भागाकार केला, तर क्लबमागे वर्षाला साडेआठ कोटी पौंडांहून अधिक. म्हणजे त्याग अवघ्या दोन टक्क्यांच्या आसपासचा. आणि मुंबई-पुण्यात रात्री जागून सामना पाहणाऱ्या प्रेक्षकाला जो जल्लोष विकला जातो, त्यातील मोठा वाटा याच कोपऱ्यातील ३ हजार गळ्यांचा असतो.

अर्थात, मर्यादेने सारे सुटले असे नाही. टीव्हीच्या सोयीसाठी सामन्याचा वार आणि वेळ बदलली, की आगाऊ काढलेले रेल्वेचे तिकीट वाया जाते. न्यूकॅसलहून बोर्नमथला जाणाऱ्यास एका बाजूला साडेपाचशे किलोमीटर कापावे लागतात. रात्री उशिराच्या सामन्यानंतर परतीची गाडी मिळत नाही. तिकीट ३० पौंडांचे असले, तरी सामना कितीतरी महाग पडतो.

युरोपात हाच धडा उशिरा गिरवला गेला. २०१५ मध्ये ६४ पौंडांच्या तिकिटाच्या निषेधार्थ बायर्न म्युनिकचे चाहते एमिरेट्सवर पहिली पाच मिनिटे आतच आले नाहीत. २०१८ मध्ये सेव्हियाने मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांना ८९ पौंड आकारले, तेव्हा युनायटेडने सेव्हियाच्या चाहत्यांनाही तोच दर लावला आणि त्या पैशातून आपल्या चाहत्यांचा भार हलका केला. हिशेब चुकता झाला, पण भरडला गेला तो स्पेनमधील सामान्य चाहता. पुढे युएफाने चॅम्पियन्स लीगसाठी ७० युरोंची मर्यादा घातली आणि ती २०२४-२५ मध्ये ६०, तर २०२५-२६ मध्ये ५० युरोंवर आणली.

या पार्श्वभूमीवर २०२६ च्या विश्वचषकासाठी डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेले दर डोळ्यांत भरतात. सहभागी देशांच्या निष्ठावंत चाहत्यांसाठी राखलेल्या जागांमध्येही अंतिम सामन्याचे सर्वांत स्वस्त तिकीट ४,१८५ डॉलरचे होते. टीकेचा भडिमार झाल्यावर फिफाने ६० डॉलरची तिकिटे पुढे केली, पण ती प्रत्येक संघटनेच्या वाट्यापैकी केवळ १० टक्के. आणि तो वाटाच मुळी मैदानाच्या ८ टक्के. ८० हजार क्षमतेच्या मैदानात एका देशाच्या हाती अशी ६४० तिकिटे येतात.

फरक नीतिमत्तेचा नाही, रचनेचा आहे. इंग्लिश क्लब वठणीवर आले, कारण आजचा यजमान उद्याचा पाहुणा होता. फिफा कायमची यजमान असते, पाहुणी कधीच नसते. त्यामुळे तिला परतफेडीची भीती नाही. पाहुणेपण भोगावे लागते ते तिच्या सदस्य संघटनांच्या चाहत्यांना. तेव्हा कमाल दराचा आग्रह धरण्याची जबाबदारीही त्या संघटनांचीच ठरते. मतदानाचा हक्क त्यांच्याकडे आहे. तो चाहत्यांच्या खिशासाठी वापरायचा की नाही, हे त्यांनीच ठरवायचे आहे.