संजाचं शेवटचं गाणं



आपल्या या सदरात आजवर बहुतेक वेळा गाजलेल्या गाण्यांवर गप्पा झाल्या. या वेळी एका दुर्लक्षित गाण्याबद्दल लिहिते आहे, आणि त्याचं श्रेय माझ्या भाचीचं. ती इंदूरला आठवीत आहे. वहीच्या कव्हरपासून मोबाइलच्या वॉलपेपरपर्यंत तिच्याकडे सगळीकडे 'ट्वाइस' आहे. ज्यांच्या घरी त्या वयाच्या मुली आहेत त्यांना हे सांगायला नको. इतरांसाठी सांगते, ट्वाइस हा कोरियातल्या नऊ मुलींचा गाणारा-नाचणारा गट, ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू झालेला.

भाचीनं माझा रीतसर क्लास घेतला. केपॉपमध्ये प्रत्येक अल्बमचं एक मुख्य गाणं असतं, तो टायटल ट्रॅक. व्हिडिओ त्याचाच निघतो, टीव्हीवर तेच वाजतं. बाकीची गाणी म्हणजे बी-साइड, पूर्वी तबकडीच्या मागच्या बाजूला असायची तशी. टायटल ट्रॅक काय, सगळेच ऐकतात. खरा चाहता बी-साइडवरून ओळखायचा. गटात एक लीडर असते आणि सगळ्यांत धाकटीला 'मँकने' म्हणतात, हेही कळलं.

एवढं झाल्यावर तिनं विचारलं, "मावशी, तुमच्या वेळी धारला असा गर्ल ग्रुप नव्हता?"

होता की! प्रत्येक गल्लीत एक होता. सीझन सोळा दिवसांचा, भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत. त्याचं नाव संजा.

धार-देवासकडच्या वाचकांना संजा माहीत आहे. पण आता आपली बरीच मंडळी पुणे-बंगळुरूपासून न्यू जर्सीपर्यंत पसरली आहेत आणि त्यांच्या मुलांनी ती पाहिलेली नाही, म्हणून थोडक्यात सांगते. संध्याकाळी मुली घराच्या बाहेरच्या भिंतीचा एक चौकोन शेणानं सारवतात आणि त्यावर शेणाचीच आकृती काढतात. तेरडा, कण्हेर अशी फुलं आणि चमकीचा कागद लावून ती सजवतात. आकृती तिथीप्रमाणे बदलते. पंचमीला पाच कुंवारे, सप्तमीला स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल, नवमीला डोकरा-डोकरी, म्हणजे म्हातारा-म्हातारी. शेवटच्या दिवसांत मोठा किलाकोट. घराघरांत थोडा फरक असतोच. मग आरती, गाणी, प्रसाद, की निघाली टोळी पुढच्या घरी. अमावास्येला सोळा दिवसांच्या वाळलेल्या आकृत्या टोपलीत भरून विसर्जन. आमच्या टोपल्या मुंज तलावावर जायच्या.

आम्हा मराठी घरांत पितृपक्ष म्हणजे नवं कापड नको, नवी वस्तू नको. पण संजाला आजीची आडकाठी नसे. "ती कुंवार पोरींची आहे, तिला चालतं," एवढंच ती म्हणायची. घरात श्राद्धाचा स्वयंपाक आणि बाहेरच्या भिंतीवर संजा, दोन्ही एकाच पंधरवड्यात. ते संपलं की नवरात्रात पाटावर हत्ती काढून आमचा भोंडला. पंधरा दिवस मालवी गाणी, पुढचे नऊ दिवस मराठी गाणी, आणि दोन्हीकडे तेच सासर, तेच माहेर, तोच भाऊ. आमच्या गल्लीत तर भोंडल्याच्या खिरापतीसारखा संजाचा प्रसादही झाकून आणायचे आणि आम्ही तो ओळखायचो. खानदेश-विदर्भातल्या मैत्रिणींकडून पुढे कळलं, त्यांची भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेलाच बसते. म्हणजे आपलं आणि मालव्याचं नातं केवळ पवारांच्या तलवारीमुळे जुळलेलं नाही.

आता गाणी. संजाचा टायटल ट्रॅक कुठला, असं कुणालाही विचारा. छोटीशी गाडी गडगडत येते, तीत संजाबाई बसली आहे, घागरा घुमतो आहे, बांगड्या वाजत आहेत, ते गाणं. त्याला ठेका आहे, नाच आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनात तेच बसवतात. काही गाण्यांत गल्लीतल्या प्रत्येक मुलीच्या भावाचं नाव घालायचं असतं. माझ्यासारख्या इंजिनिअरला त्यात टेम्प्लेट दिसतं. साचा एकच, नाव बदललं की नवं कडवं तयार. दहा मुली असल्या की दहा कडवी, आणि भाऊ नसलेलीसाठी चुलत-मामे भाऊ उसने.

मला ज्याबद्दल लिहायचं आहे ते गाणं सगळ्यांत शेवटी म्हणतात. इतकं छोटं की श्वास घेईपर्यंत संपतं. प्रसादाचं ताट दिसलेलं असतं, अर्ध्या मुलींचं लक्ष तिकडेच असतं, म्हणून ते कसंबसं उरकलं जातं. त्याच्यावर कुणी नाच बसवत नाही. पण वर्षं गेली तसं मला तेच सगळ्यांत जास्त आवडायला लागलं.

गाण्यात मुली संजाला सांगतात, तू आता तुझ्या घरी जा. उशीर केलास तर आई मारेल, कुटेल. बघ, चंद्रसुद्धा गुजरातेत निघून गेला. हरिणीचे दात मोठे मोठे आहेत, पोरं-पोरी घाबरतील. शेवटी ते घाबरणं दोनदा म्हणायचं, की संपलं.

चंद्र गुजरातेतच का? धारहून पश्चिमेला जा, झाबुआ ओलांडला की दाहोद, म्हणजे गुजरात. आमच्यासाठी मावळतीची दिशा म्हणजेच गुजरात. शिवाय आमच्या जिल्ह्यातून आजही कितीतरी माणसं मजुरीला तिकडे जातात. कोणी दिसेनासं झालं की गुजरातला गेलं असेल, हे उत्तर लहानपणी आम्हाला अगदी पटायचं. तसाच चंद्र गेला.

याहून गंमत मला मोठेपणी कळली. संजा बसते त्या दिवशी पौर्णिमा असते. दिवेलागणीला चंद्र समोर हजर, त्यामुळे हे गाणं पहिल्या दिवशी चक्क खोटं असतं. मग चंद्र रोज थोडा उशिरा उगवतो. अष्टमी-नवमीपर्यंत तो मध्यरात्रीच्या आसपास येतो, आणि अमावास्येला येतच नाही. शब्द तेच, पण गल्ली रोज थोडी जास्त काळोखी होत जाते आणि गाणं रोज थोडं जास्त खरं होत जातं. शेवटच्या दिवशी टोपली घेऊन परतताना चंद्र खरोखरच गेलेला असतो. सोळा दिवसांत एक अक्षर न बदलता अर्थ असा भरत नेणारं दुसरं गाणं मला माहीत नाही.

आणि ती हरीण! हरिणीला कसले मोठे दात? पण त्या पंधरवड्यात मध्यरात्रीच्या सुमारास पूर्वेला मृग नक्षत्र उगवतं, आणि मला आता ते गाणं म्हटलं की तेच आठवतं. रात्र खूप झाली, मृग वर आला, पळा घरी. हा अर्थ माझा. लहानपणी आम्ही फक्त दात काढून एकमेकींना घाबरवायचो, तेही बरोबरच होतं.

चालीचं म्हणाल तर चार-पाच सुरांत सगळा संसार. असल्या छोट्या चालींचं मोल कळायला देवासकडे बघावं लागतं. कुमार गंधर्व ३० जानेवारी १९४८ ला देवासला आले ते क्षयानं आजारी होऊन. गायला बंदी, पडून राहायचं. त्या दिवसांत टेकडीच्या पायथ्याशी त्यांच्या कानांवर जे पडत होतं ते मालव्यातल्या बायकांचं गाणं. लग्नातलं, सणातलं, जाता-येता म्हटलेलं. ज्याला कोणी मैफलीचं गाणं म्हणत नव्हतं ते त्यांनी मन लावून ऐकलं, जमवलं, आणि रागांची मुळं या धुनांत आहेत असं मांडलं. त्यातून त्यांचे धुनउगम राग आले, मालवी लोकगीतांचे कार्यक्रम झाले, १९६५ मध्ये 'अनूपरागविलास' आलं. चाहता असावा तर असा. सगळं गाव बी-साइडसुद्धा समजत नव्हतं अशी गाणी त्यांनी ऐकली.

आता कोरियाकडे परत जाऊ, कारण भाचीला मी त्या दिवशी एक गोष्ट सांगू शकले जी तिला माहीत नव्हती. ट्वाइसच्या फार आधीपासून कोरियात बायकांचा एक गाणारा गट आहे, त्याला गांगगांगसुल्ले म्हणतात. नैऋत्य किनाऱ्याकडच्या गावांतल्या तरुण मुली पौर्णिमेच्या रात्री हातात हात घालून गोल फेर धरतात. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी धरायची. अगदी आपला भोंडला! २००९ मध्ये युनेस्कोनं त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. एरवी त्या गावांत तरुण मुलींना मोठ्यानं गायची किंवा रात्री बाहेर पडायची मोकळीक नव्हती. ती मिळायची चुसोक या सणाला, त्यांच्या आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला. आणि ही पौर्णिमा बहुतेक वर्षी आपली भाद्रपद पौर्णिमाच असते. अधिक महिन्यामुळे कधी चुकामूक होते, जशी २०२५ मध्ये झाली, आपली ७ सप्टेंबरला आणि त्यांची ६ ऑक्टोबरला. पण २०२६ मध्ये चुसोक २५ सप्टेंबरला आहे आणि आपली पौर्णिमा २६ ला. म्हणजे तिकडच्या मुली आणि धारच्या गल्लीतल्या मुली त्याच चंद्राखाली गात आल्या, आणि दोघींनाही घराबाहेर गायची सूट चार दिवसांचीच होती.

हे समजल्यापासून संजाचं शेवटचं गाणं मला वेगळं ऐकू येतं. घरी जा, उशीर झाला, आई मारेल, हे संजाला कोण सांगणार? ती तर देवी. हे सगळं त्या मुलींना रोज सांगितलं जात होतं. त्यांनी तेच बोलणं उचललं, संजाच्या नावावर घातलं, त्यात हरिणीचे दात मिसळले आणि हसत हसत गाऊन टाकलं. जी बंदी त्यांच्यावर होती ती सोळा दिवस त्या दुसरीवर घालत होत्या, आणि स्वतः मात्र अंधारात, घराबाहेर, पुढच्या घरच्या प्रसादाकडे निघालेल्या असायच्या.

ते गाणं संपलेलं नाही. आमच्या ऑफिसात अमेरिकेच्या वेळेवर मीटिंग असली की मला निघायला रात्रीचे साडेदहा होतात. त्या दिवशी आईचा मेसेज ठरलेला, "निघालीस का? पोचलीस की कळव." माझ्या भावाचं ऑफिसही असंच उशिरा सुटतं, त्याला हा मेसेज जात नाही. मी तिच्यावर चिडत नाही, तिची काळजी खरी आहे. फक्त कॅबच्या खिडकीतून बाहेर बघताना चंद्र कुठे आहे ते मी शोधते.

केपॉपमध्ये गटाचं आयुष्य बरेचदा सात वर्षांचं असतं. तिथल्या फेअर ट्रेड कमिशननं २००९ मध्ये आदर्श करारनामा आणला, त्यात कराराची कमाल मुदत सात वर्षं ठरवली. म्हणून सातवं वर्ष आलं की चाहत्यांचा जीव टांगणीला लागतो. ट्वाइसच्या नऊही जणींनी २०२२ मध्ये करार पुढे वाढवला, तेव्हा भाचीचा आनंद घरभर झाला होता म्हणे. संजाच्या गटात मात्र करार वाढत नाही. लग्न झालं की संजाचं उद्यापन करायचं आणि गटातून बाहेर. आमच्या गल्लीतली लीडर, जिला सगळी गाणी पाठ होती, ती अशीच एका वर्षी गेली. पुढच्या पौर्णिमेला आम्ही भिंतीसमोर उभ्या होतो आणि तिसऱ्या कडव्याला सगळ्या गप्प. मग आठवेल तसं म्हटलं, आणि आमच्या गल्लीत ते कडवं आजही तसंच म्हणतात.

गेल्या वर्षी भाचीनं तिच्या बिल्डिंगमध्ये संजा मांडली. भिंतीला रंग नवा, म्हणून पुठ्ठ्यावर. बाजारात छापील कागदी संजा मिळते ती आणू म्हटलं, तर म्हणाली नको, आपण काढू. शेण मिळालं एका डेअरीवाल्याकडून. पाच मुली जमल्या, त्यात एक तमिळ, एक पंजाबी. गाणी कुणालाच येत नव्हती, तेव्हा देवासच्या मामींना व्हिडिओ कॉल लावला. मामींनी गाडीचं गाणं शिकवलं, भावाचं शिकवलं, आणि शेवटचं शिकवताना त्यांनाच हसू आवरेना. आठ वाजता बाल्कन्यांतून हाका सुरू झाल्या, "चला गं वर!" पाचही जणींनी वर बघितलं आणि तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तीन वेळा म्हटलं. आया वरून ऐकत राहिल्या.

मंडळी, हरिणीच्या दातांनंतर आमच्याकडे गाणं संपतं. काही घरांत पुढे आणखी दोन ओळी आहेत असं ऐकलं आहे. तुमच्या आजीला, मामीला, काकूंना विचारा. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, आणि जमलं तर इकडेही पाठवा. या वर्षीची पौर्णिमा २६ सप्टेंबरची. भाचीनं पुठ्ठा आत्ताच बाजूला काढून ठेवला आहे.