कुंडी रिकामी राहू द्या

दिवाळी सरली, की राधानगरीतही कुरिअरने हॉलंडच्या कांद्यांची पाकिटं यायला लागतात. ट्युलिप, डॅफोडिल, हायसिंथ. आमच्या गल्लीतल्या एका सूनबाईंनी ट्युलिपचे कांदे फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवले होते. सासूबाईंनी त्यातला एखादा पोह्यांसाठी चिरला नाही, हे नशीब. माघात त्यांना पाती फुटली, एका कुंडीत बोटभर दांड्यावर मिटलेली कळीही आली आणि होळीच्या उन्हात सगळं करपून गेलं. "काकू, माझ्या हाताला गुणच नाही," म्हणाल्या. यात हाताचा काय दोष?

ट्युलिपच्या कांद्याला बारा ते सोळा आठवडे नऊ अंशांखालची थंडी लागते. त्याशिवाय आतली कळी नीट वर चढत नाही. आमच्याकडे पौषात पहाटे हुडहुडी भरते, पण दुपारी बाराला अंगात स्वेटर ठेवून दाखवा. फ्रिजने ही थंडी देता येते. पण शेजारी केळी-सफरचंदं असली, तर पिकत्या फळांतून सुटणाऱ्या इथिलिन वायूने कळी आतल्या आतच मरते. त्यातूनही फूल आलंच, तर पुढच्या सालासाठी कांदा भरायला मागाहून कित्येक आठवडे हिरवं पान आणि गार हवा पाहिजे. आमचा फाल्गुन ती कुठून देणार? श्रीनगरला जबरवनच्या पायथ्याशी २००७ साली खुली झालेली ट्युलिपची बाग शोभते, कारण तिथली हवाच तशी आहे. दिल्लीत शांतिपथावर अलीकडे ट्युलिप लावतात, ते कांदे नेदरलँड्सहून मागवून. सरकारला परवडतं.

वसंतात कुंडीत कंदाचं फूल फुलावं, ही हौस मात्र रास्त आहे. तिच्यासाठी आपल्या हवेत झोपणारे कंद शोधायला हवेत. आपल्याकडे कंदाला थंडी झोपवत नाही, कोरड झोपवते. दाजीपूरच्या सावराई सड्यावर कधी वैशाखात जाऊन बघा. जांभ्याच्या खळग्यात चार बोटं माती, तीही तव्यासारखी तापलेली, वर हिरवं पातंसुद्धा नाही. त्याच मातीत आमरीचे, दीपकाडीचे कंद जिवंत असतात. पुढे आषाढात हेच खळगे तुडुंब भरतात. निसर्गाने केलेल्या कुंड्याच त्या. महिनोन् महिने रिकाम्या दिसतात आणि कुणी त्यांना झारीने पाणी घालत नाही.

परसात लावायचा तर आधी भुईचाफा. पानं कार्तिक-मार्गशीर्षात पिवळी पडून जातात, मग कुंडीत नुसती माती. चैत्र लागला, की एखाद्या सकाळी मातीलाच चिकटून फूल दिसतं. देठ नाही, पान नाही; अरुंद पांढऱ्या पाकळ्या आणि खाली दुभंगलेली जांभळट पाकळी. वास घ्यायला गुडघे टेकावे लागतात. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण त्याच जागी दुसरं येतं. फुलं सरल्यावर पानांची सुरळी वर येते: वरून रुपेरी नक्षी, खालून जांभळी. माझा भुईचाफा तेलाच्या जुन्या डब्यात आहे. तळाला भोकं, त्यावर खापऱ्या, मग निम्मी तांबडी माती, निम्म्यात कुजलेलं शेणखत आणि बारीक खडी. हौसेपोटी नुसतं शेणखत भरणाऱ्यांचे कंद कुजतात.

मे फ्लॉवरचा लाल चेंडू, अंगणातली मोठी लाल लिली, वळवानंतर आठवड्याभरात उठणारी गुलाबी पावसाळी लिली, ही मंडळीही अशीच. मोठ्या लिलीचा कांदा मानेपर्यंत पुरायचा नाही, वरचा तिसरा हिस्सा उघडा ठेवायचा; आणि कुंडी ऐसपैस नको, तिला दाटीच आवडते. स्वदेशीचा हट्ट मी धरत नाही. मे फ्लॉवर आफ्रिकेचं, मोठी लाल लिली दक्षिण अमेरिकेची, बाजारातली गुलछडीसुद्धा मूळची मेक्सिकोची. पण पावसाळा आणि कोरडा काळ यांचा फेरा त्यांनाही ठाऊक आहे, म्हणून त्या इथल्या झाल्या.

खरी अडचण आपल्या स्वभावाची आहे. रिकामी कुंडी आपल्याला बघवत नाही. सकाळी झारी हातात घेतली, की तुळशीपासून शेवटच्या डब्यापर्यंत सगळ्यांना सारखंच पाणी, झोपलेल्या कंदालाही. नाहीतर रिकामी दिसली म्हणून कुणीतरी त्यात मिरचीचं रोप खोचतं आणि खुरप्याने कंद कापतं. पान वाळलं, की पाणी तोडायचं आणि कुंडी वळचणीला सरकवायची, एवढंच काम आहे. आमच्याकडे साडेतीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. श्रावणातही कुंडी पागोळ्यांखाली नको, पडवीच्या कडेला हवी. जमिनीत लावायचं म्हणाल, तर रात्री साळिंदर आणि रानडुक्कर येऊन हिशेब करून जातात. इथे कुंडी ही चैन नाही, बंदोबस्त आहे.

एका बाबतीत मात्र मी भांडायला तयार आहे. गवा बघायला आलेली माणसं पावसाळ्यात सड्यावरून कळलावी, कंदीलपुष्प उपटून पिशवीत घालतात. अभयारण्यातून परवान्याशिवाय झाड काढणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांना सांगितलं तर हसतात. कंदीलपुष्पाचे कंद गुराखी खात आले, सडे खाणींनी खरवडले, आता त्यात ही हौस. कळलावीचा कंद तर जीवघेणा विषारी. पोरंबाळं असलेल्या घरात तो नकोच. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कंदीलपुष्पाच्या कितीतरी जाती जमवून, वाढवून जपल्या. असं वाढवलेलं रोप तालुक्याच्या रोपवाटिकेत रीतसर विकत मिळालं, तर सड्यावर खुरपं घेऊन कोण जाईल? वन खात्याने हे मनावर घ्यावं. सुरू आणि निलगिरीची रोपं पुष्कळ वाटून झाली.

तोवर शेजारीपाजारी मागा. भुईचाफ्याचा डबा एकदा भरला, की कंद वाटावेच लागतात. ते पौष-माघात, फूल यायच्या आधी. माझ्याकडे येणाऱ्यांनी कागदी पिशवी आणावी. प्लास्टिकमध्ये कंद घामेजतो.