विश्लेषण : गिधाडाच्या छातीत तांदळाच्या दाण्याएवढी चिप… ओळख पटते, पण धोका किती?

हरियाणातील पिंजोरच्या जटायू संवर्धन प्रजनन केंद्रातून जानेवारी २०२४मध्ये २० गिधाडे विदर्भात आणली गेली. लांब चोचीची १० गिधाडे पेंचमध्ये आणि पांढऱ्या पुठ्ठ्याची १० ताडोबात. ऑगस्टमध्ये त्यांना जीपीएस टॅग लावून निसर्गात सोडण्यात आले. त्यातले ताडोबाचे ‘एन-११’ सुमारे चार हजार किलोमीटर उडून तामिळनाडूत पोहोचले आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यात विजेच्या धक्क्याने मेले. ते नेमके कोणते गिधाड, हे सांगायला अंगावर टॅग होता. पण टॅग गळून पडला किंवा त्याची बॅटरी संपली, तर? अशा वेळी पक्ष्याच्या शरीरातली मायक्रोचिप कामी येते. मात्र ही चिप ज्या स्नायूत बसवतात, त्याच स्नायूवर पक्षी उडतो. म्हणून ती कोणाला बसवायची, कधी आणि कशी, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

मायक्रोचिपमुळे पक्षी कुठे आहे ते कळते का?

नाही. हा सर्वात मोठा गैरसमज आहे. चिपमध्ये बॅटरी नसते, सिमकार्ड नसते, उपग्रहाशी तिचा काही संबंध नसतो. काचेच्या बारीक नळीत तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि एक सर्किट, एवढाच तिचा संसार. स्कॅनर जवळ आणला की त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे वेटोळ्यात वीज तयार होते आणि चिप आपला १५ अंकी क्रमांक परत पाठवते. मेट्रो कार्ड गेटवर टेकवल्यावर जे घडते, तत्त्वतः तेच. आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांनुसार ही देवाणघेवाण १३४.२ किलोहर्ट्झवर चालते. पहिले तीन अंक देशाचे (भारताचे ३५६) किंवा उत्पादक कंपनीचे असतात. वाचनाचे अंतर जेमतेम काही सेंटिमीटर. थोडक्यात, पक्षी कोण हे चिप सांगते, कुठे हे सांगत नाही. तेही कोणी स्कॅनर घेऊन त्याच्यापर्यंत पोहोचले आणि त्या क्रमांकाची नोंद कुठेतरी जपलेली असली, तरच.

मग ही ओळख हवीच कशाला?

गिधाडांमध्ये नर-मादी दिसायला सारखेच. लिंग ठरवायला रक्ताची किंवा पिसाची डीएनए चाचणी करावी लागते. प्रजनन केंद्रात कोणाची जोडी कोणाशी लावायची, भावंडे एकत्र येत नाहीत ना, हे पाहायचे तर प्रत्येक पक्ष्याची खात्रीशीर ओळख लागतेच. मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला साधारण पाच वर्षे जातात. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. अशा प्रजातीत एकेका पक्ष्याचा हिशेब ठेवावा लागतो.

दुसरे कारण मृत्यूच्या तपासाचे. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडे मरतात, हे २००४मध्ये सिद्ध झाले आणि भारताने २००६मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकवर बंदी यायला २०२३ उजाडले. सोडलेले गिधाड मेलेले सापडले, तर ते औषधाने मेले, तारेने की उपासमारीने, हे शोधताना त्याचा पूर्वेतिहास हाताशी असणे मोलाचे असते. अर्थात मेलेल्या पक्ष्याची छाती कुत्र्या-कोल्ह्यांनी आधीच खाल्लेली असेल, तर चिपही गेली. म्हणून पायातली कडी आणि चिप एकमेकांना पर्याय नाहीत. कडी दुर्बिणीतून वाचता येते, पण निघू शकते. चिप निघत नाही, पण पक्षी हातात आल्याशिवाय वाचता येत नाही.

तिसरे कारण तस्करीचे. बंदिस्त पक्ष्याच्या जागी जंगलातून पकडलेला दुसरा ठेवणे चिपमुळे अवघड होते. आखातात बहिरी ससाण्यांना मिळणाऱ्या ‘पासपोर्ट’वर कडीचा किंवा चिपचा क्रमांक असतो, तो याच हेतूने.

चिप छातीतच का बसवतात?

कुत्र्याला ती खांद्यांच्या मधल्या कातडीखाली बसवतात. पक्ष्यांची कातडी कागदासारखी पातळ असते आणि तिच्याखाली फारसा थर नसतो. तिथे चिप सरकते आणि चोचीने उकरून काढली जाण्याची भीती असते. म्हणून मध्यम व मोठ्या पक्ष्यांमध्ये डाव्या बाजूचा छातीचा स्नायू हे जगभर रूढ झालेले ठिकाण आहे. ‘डावा’ हा केवळ संकेत, पण फार उपयोगाचा. पिंजोरला बसवलेली चिप नागपुरात शोधताना स्कॅनर आधी कुठे धरायचा, हे ठरलेले असते.

धोका नेमका कुठे आहे?

नेहमीची चिप १२ मिलिमीटर लांब आणि सुमारे २ मिलिमीटर जाड असते. ती सोडणारी सुई अडीच मिलिमीटरहून जाड. साध्या इंजेक्शनच्या मानाने हा दाभणच. पक्ष्याच्या अंगात वजनाच्या साधारण दहा टक्के रक्त असते आणि निरोगी पक्षी त्यातले दहा टक्के गमावणे सोसू शकतो. पाच किलोच्या गिधाडाच्या बाबतीत हे प्रमाण ५० मिलिलिटर भरते. पण ११० ग्रॅमच्या पिंगळ्याच्या बाबतीत जेमतेम एक मिलिलिटर. एकच सुई गिधाडाला ओरखड्यासारखी, पिंगळ्याला जीवघेणी. अलीकडे ८ मिलिमीटर लांब आणि १.४ मिलिमीटर जाड चिपही मिळते, तिची सुईही बारीक असते. मध्यम आकाराच्या पक्ष्यांसाठी तीच योग्य. अगदी लहान पक्ष्यांना मात्र चिप टाळलेलीच बरी.

जागा चुकली तरी पंचाईत. पंखाच्या मुळाशी मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. स्नायूच्या मागच्या टोकाला मांस पातळ होत जाते आणि त्याखाली यकृत येते. मधोमध उभ्या हाडाला सुई घासली तर वेगळीच इजा. स्नायूत रक्त साकळले, तर बाहेर फारसे काही दिसत नाही, पण पक्षी काही दिवस नीट उडत नाही. पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे त्यावाचून फार अडत नाही. उद्या जंगलात सुटणाऱ्या पक्ष्याला मात्र शिकारच साधत नाही आणि त्याची उपासमार होते.

सुईइतकाच, कधी कधी सुईहून मोठा धोका पकडण्याचा असतो. पक्ष्यांना माणसासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलते, तेव्हाच हवा आत-बाहेर होते. घाबरून कोणी छाती घट्ट आवळली, तर पक्षी हातातच गुदमरतो. त्यात नागपूरचा मे महिना असेल, पारा ४५ अंशांवर असेल, तर ताण आणि उष्णता मिळून घात करतात.

सुरक्षितपणे कशी बसवतात?

पहिली तपासणी बोटांनी होते. छातीचे उभे हाड सुरीच्या पात्यासारखे हाताला लागत असेल, तर पक्षी खंगलेला आहे, स्नायू उरलेला नाही, आणि त्या दिवशी चिपचा विषय बंद. बचाव केंद्रात येणारे कित्येक पक्षी याच अवस्थेत असतात, त्यामुळे ही पायरी सर्वात मोलाची. आधी उपचार, खाणे-पिणे, वजन भरणे. चिप सोडण्याआधी काही दिवस, पण स्नायू भरायला पुरेसा वेळ ठेवून.

गिधाडाला आधी उपाशी ठेवावे लागते. घाबरले की ते खाल्लेले ओकते, आणि ते श्वासनलिकेत गेले तर संपलेच. काम सकाळी, गारव्यात. डोळ्यांवर कापड किंवा टोपी घातली की पक्षी लक्षणीय शांत होतो. किमान दोन माणसे लागतात. एकाने पाय आणि पंख सांभाळायचे (शिकारी पक्ष्याचे खरे हत्यार नखे आहेत, चोच नंतर), दुसऱ्याने सुई. शक्य असेल तिथे आयसोफ्लुरेन वायूची हलकी भूल देतात. त्याच वेळी रक्ताचा नमुना, वजन, कडी ही कामेही उरकतात, म्हणजे पक्ष्याला पुन्हा पकडावे लागत नाही.

सुई टोचण्याआधी स्कॅनर दोनदा फिरवायचा. एकदा पक्ष्यावर, आधीची चिप आहे का पाहायला, आणि एकदा पाकिटावर, नवी चिप चालते का पाहायला. प्रत्येक पक्ष्याला नवी निर्जंतुक सुई. पिसे उपटायची नाहीत, बाजूला सारायची. स्पिरिटने अंग भिजवायचे नाही, कारण भूल दिलेला पक्षी झपाट्याने गार पडतो. सुई स्नायूच्या तंतूंना समांतर, तिरकी घालायची, चिप सोडल्यावर किंचित फिरवत बाहेर काढायची, नाहीतर चिप तिच्यामागोमाग बाहेर येते. मग भोकावर मिनिट-दोन मिनिटे बोटाचा दाब आणि टिश्यू ग्लूचा एक थेंब. पुन्हा स्कॅन. आणि क्रमांक त्याच क्षणी नोंदवहीत. संध्याकाळी लिहू म्हणून राहिलेला क्रमांक हा बसवलीच नाही अशा चिपसारखा.

गोरेवाडा बचाव केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावल्याचे जानेवारी २०२५मध्ये स्पष्ट झाले. त्यानंतर शहरात कोणत्याही शिकारी पक्ष्याला हाताळताना मास्क, हातमोजे आणि दोन पक्ष्यांमध्ये स्कॅनर पुसणे या गोष्टींकडे सोपस्कार म्हणून पाहता येणार नाही.

प्रत्येक जखमी घारीला चिप हवी का?

इथे उत्साहाला आवर घालायला हवा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७मध्ये देशभर बंदी घालूनही संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजा घारी-घुबडांचे पंख कापतोच. मांज्यात अडकलेली घार बरी होऊन आठवड्यात उडणार असेल, तर तिला चिप बसवून मिळणारी माहिती नगण्य आणि धोका मात्र खरा. तिला पुन्हा कोणी पकडण्याची शक्यता कमी, पकडणाऱ्याकडे स्कॅनर असण्याची त्याहून कमी. याउलट प्रजनन कार्यक्रमातील गिधाडे, कायम बंदिस्त राहणारे अपंग पक्षी आणि एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात हलवले जाणारे पक्षी यांना चिप नसणे हीच हयगय म्हणावी लागेल. शहरात सेमिनरी हिल्सचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, गोरेवाडा आहे, माफसूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तज्ज्ञ हातांची वानवा नाही. गरज आहे ती कोणालाही शोधता येईल अशा एकाच सामायिक नोंदीची. आज पेंचच्या गिधाडाची चिप उद्या दक्षिणेत कोणी वाचली, तर तो १५ अंकी क्रमांक कुठे विचारायचा, याचे उत्तर वाचणाऱ्याला लगेच मिळायला हवे.

खासगी दवाखान्यात असा पक्षी आला तर?

शिकारी पक्षी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, घरी पाळता येत नाहीत. त्यांना चिप किंवा कडी बसवायला वन विभागाची परवानगी लागते. खासगी पशुवैद्यकाने रक्तस्राव थांबवावा, पक्षी हवेशीर खोक्यात अंधारात ठेवावा, तोंडात पाणी ओतू नये आणि वन विभागाला कळवावे. नागरिकांसाठी हेल्पलाइन १९२६ आहे. दवाखान्यात कुत्र्या-मांजरांसाठीचा स्कॅनर असेल, तर पक्ष्याच्या छातीच्या डाव्या बाजूवरून तो एकदा फिरवायला परवानगीची गरज नाही.