पगार कापण्याआधी कपलिंग तपासा

लाकडावर जाळी आणि पितळेवर नावे कोरणारी छोटी सीएनसी मशिने आता आमच्या बऱ्याच कारागीर बांधवांकडे आली आहेत. सागवानाची फळी चढवली, तीन तास नक्षी बिनचूक उतरली आणि शेवटच्या पाकळीला टूल दीड मिलिमीटर बाजूला सरकले, हा अनुभव त्यांना नवा नाही. फळी बाद होते, गिऱ्हाइकाचा वायदा चुकतो आणि नुकसान मशीनवरच्या पोराच्या पगारातून कापले जाते. ही पद्धत आम्हाला साफ नामंजूर आहे.

या मशिनांत बहुधा साधी स्टेपर मोटर असते. कंट्रोलर तिला एकेक ठोका पाठवतो, तेवढे पाऊल ती फिरते. २०० पूर्ण पावलांचा एक फेरा. पण मोटर खरोखर फिरली की अडून राहिली, हे कंट्रोलरला उलट कळवणारे काहीच नसते. पावले हरवली तरी तो पुढचा हिशोब जुन्याच जागेवरून करतो. पडद्यावरचा आकडा बरोबर आणि फळीवर चूक! पोराला ते दिसणार तरी कसे?

मालकांनी डायल गेज लावून एकदा स्वतः पाहावे. टूल हवेत ठेवून गाडी १०० मिलिमीटर पुढे न्यावी, परत आणावी, असे वीस वेळा. दर फेरीला फरक वाढत गेला तर पावले हरवत आहेत, नाहीतर कपलिंग घसरते आहे. दोन्हींतला भेद ओळखायला मोटरच्या दांड्यावरून कपलिंगवर मार्करने सरळ रेघ ओढावी. रेघ तुटली तर ग्रब स्क्रू ढिला आहे. फरक वाढत नाही, पण दिशा उलटली की ठरावीक तेवढाच पडतो, तर नटात ढिलाई आहे. आणि १०० चे ९९, २०० चे १९८ भरत असतील तर सेटिंगचा आकडाच चुकला आहे. ५ मिलिमीटर लीडचा स्क्रू आणि ड्रायव्हर आठ मायक्रोस्टेपवर असेल, तर मिलिमीटरला ३२० ठोके हवेत.

पावलेच हरवत असतील तर लोक आधी मोठी मोटर आणायला धावतात. आमचा त्याला विरोध आहे. वेग वाढला की स्टेपरचा जोर घटतो, आणि जुन्याच पॉवर सप्लायवर मोठी मोटर पुष्कळदा लवकर दम सोडते. त्यापेक्षा वीज बंद करून स्क्रू हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावा. जड जाईल तिथे भुसा तरी साचला आहे, नाहीतर रेल वाकडी बसली आहे. मग ॲक्सिलरेशन आणि रिकाम्या धावेचा वेग निम्मा करावा. चूक थांबली तर हळूहळू वाढवत न्यावा आणि जिथे पुन्हा चुकेल त्याच्या बराच खाली ठेवावा. कामाला थोडी मिनिटे जास्त लागतील, लागू देत. ड्रायव्हरचा करंट मोटरवर लिहिल्याप्रमाणे आहे ना, हेही पाहून घ्यावे.

विकणारेही यातून सुटत नाहीत. टूल हवेत फिरवून दाखवायचे आणि रक्कम मोजून घ्यायची, एवढ्यावर व्यवहार संपतो. सेटिंगचे आकडे कागदावर लिहून घेतल्याशिवाय आणि वीस फेऱ्या समोर करून घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत, असे आमचे मत आहे.

आमच्या पाहण्यातील एका कारखान्यात ही चाचणी झाली तेव्हा रेघ तुटलेली निघाली. मालकाने स्क्रू लगेच आवळला. पोराचे कापलेले पैसे मात्र अजून परत केलेले नाहीत.